दाब डोळ्यात, रोग नसेत

डोळ्याचा गोल आकार त्याच्या आतल्या दाबावर टिकून असतो. हा दाब बाहेरच्या हवेच्या दाबापेक्षा थोडासाच जास्त असतो आणि रक्तदाबाप्रमाणेच तो पाऱ्याच्या मिलिमीटरमध्ये मोजतात. निरोगी प्रौढ माणसाच्या डोळ्यात तो बहुधा १० ते २१ मिलिमीटरच्या दरम्यान असतो. मोजण्याचे माप एकच असल्यामुळे पुष्कळांचा असा समज होतो, की ब्लडप्रेशर वाढले की डोळ्याचे प्रेशरही वाढणार. प्रत्यक्षात या दोन दाबांचे नाते फार सैल आहे. रक्तदाब १६० असलेल्या माणसाच्या डोळ्याचा दाब १४ असू शकतो आणि रक्तदाब अगदी नेमका असलेल्याचा ३०. डोळ्याचा दाब ठरतो तो डोळ्यातच तयार होणाऱ्या आणि डोळ्यातूनच बाहेर जाणाऱ्या एका पाण्यावरून.

हे पाणी म्हणजे नेत्रजल. अश्रूंशी त्याचा संबंध नाही. अश्रू डोळ्याच्या बाहेरच्या अंगाला येतात, नेत्रजल आतच फिरते. बुबुळाच्या रंगीत पडद्यामागे, भिंगाला वेढून असलेल्या सिलियरी बॉडी नावाच्या मांसल कड्यातून ते अखंड झिरपत असते. त्याचा वेग मिनिटाला साधारण अडीच मायक्रोलिटर, म्हणजे औषधाच्या एका थेंबाएवढे पाणी जमायला वीसेक मिनिटे लागावीत. तेथून ते भिंगावरून वाहत बाहुलीतून पुढे येते आणि पारपटलामागची, म्हणजे डोळ्याच्या पुढच्या पारदर्शक पडद्यामागची, जागा भरून टाकते. पारपटल आणि भिंग यांना पारदर्शक राहायचे असते, म्हणून त्यांच्यात रक्तवाहिन्या नसतात. त्यांना पोषण पुरवण्याचे आणि त्यांचा टाकाऊ भाग वाहून नेण्याचे बरेचसे काम हे पाणी करते. पुढच्या कप्प्यातले सगळे पाणी दीड-दोन तासांत बदलून निघते.

पाण्याची बाहेर पडायची वाट पारपटल आणि रंगीत पडदा जेथे मिळतात त्या अरुंद कोनात आहे. तेथे तंतूंची बारीक जाळी असते. तिच्यातून पाणी श्लेमच्या नलिकेत उतरते आणि तेथून डोळ्याच्या पांढऱ्या भागावरच्या शिरांत जाते. थोडे पाणी जाळी टाळून स्नायूंच्या फटींतून मागे झिरपते. ही वाट छोटी, पण औषधांच्या दृष्टीने पुढे फार उपयोगी ठरली. दाब वाढतो तेव्हा पाणी जास्त तयार होत असते असे क्वचितच घडते. जवळजवळ नेहमी अडथळा बाहेर पडण्याच्या वाटेत असतो. वयाबरोबर जाळीतल्या पेशी कमी होतात, तंतूंमध्ये नको ते द्रव्य साठते आणि पाणी जायला अधिक जोर लागतो. तो जोर म्हणजेच वाढलेला दाब.

दिवसभरात हा दाब एकसारखा राहत नाही. निरोगी डोळ्यातही तो तीन ते सहा मिलिमीटरने वरखाली होतो, काचबिंदू असलेल्या डोळ्यात त्याहून जास्त. रात्री नेत्रजल निम्म्याच्या आसपासच तयार होते, तरी अनेकांचा सर्वांत जास्त दाब रात्री किंवा पहाटेच असतो, कारण आडवे झाल्यावर डोक्याकडच्या शिरांतला दाब वाढतो आणि पाण्याचा निचरा मंदावतो. दवाखान्यात सकाळी अकरा वाजता घेतलेले एक माप म्हणजे चोवीस तासांतला एक क्षण असतो, हे रुग्णाने आणि डॉक्टरनेही लक्षात ठेवायला हवे.

दाब २१ च्या वर गेला की काचबिंदू, खाली असला की डोळे ठीक, हा हिशेब अजूनही सर्रास ऐकू येतो. या २१ चा उगम जर्मनीतला आहे. १९५८ साली लायडेकर आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी सुमारे दहा हजार निरोगी माणसांचे दाब मोजून प्रसिद्ध केले. सरासरी निघाली साडेपंधराच्या आसपास. तिच्यात दोन प्रमाण विचलने मिळवली की आकडा २१ च्या जवळ येतो. म्हणजे ही रेषा निरोगी माणसांच्या आकडेवारीतून आखलेली आहे. कोणत्या दाबाला डोळ्याला इजा होते हे त्या मोजणीत कोणी तपासले नव्हते. शिवाय सरासरीही सगळीकडे सारखी नाही. नागपूरजवळच्या ग्रामीण भागात तीस वर्षांवरच्या ४,७११ जणांची जी मोठी नेत्रपाहणी झाली, तिच्यात सरासरी दाब साडेतेराच्या आसपास निघाला. तेथल्या माणसाचा १९ हा दाब कागदावर साधारण दिसतो, पण त्याच्या आसपासच्या लोकांच्या मानाने तो बराच वरचा आहे.

ही रेषा दोन्ही बाजूंनी कशी फसवते हे गेल्या पंचवीस-तीस वर्षांतल्या अभ्यासांनी दाखवून दिले. दाब २४ ते ३२ आहे, पण डोळ्याला अजून काहीही झालेले नाही, अशा १,६३६ जणांवर अमेरिकेत एक चाचणी झाली. निम्म्यांना दाब कमी करणारे थेंब दिले, निम्म्यांवर नुसती देखरेख ठेवली. २००२ साली तिचे निष्कर्ष आले. पाच वर्षांत थेंब न घेणाऱ्यांपैकी ९.५ टक्के जणांना काचबिंदू सुरू झाला, घेणाऱ्यांपैकी ४.४ टक्के जणांना. थेंबांनी धोका निम्म्यावर आला हे तर खरेच. पण दाब जास्त असून आणि काहीही उपचार न करता शंभरातल्या नव्वदांचे डोळे पाच वर्षे शाबूत राहिले, हेही तितकेच खरे. दुसऱ्या बाजूला जपानमधल्या ताजिमी शहराची पाहणी आहे. तेथे उघड्या कोनाचा काचबिंदू आढळलेल्यांपैकी ९२ टक्के जणांचा दाब २१ किंवा त्याहून कमी होता. दक्षिण भारतातल्या पाहण्यांतही काचबिंदू असलेल्यांच्या मोठ्या भागाचा त्या दिवशीचा दाब साधारणच निघाला. नुसता दाब मोजून शिबिरातून घरी पाठवलेल्या माणसांत काचबिंदूचे किती रुग्ण निसटत असतील, याची कल्पना यावरून यावी.

काचबिंदू हा डोळ्याच्या नसेचा रोग आहे. दृष्टिपटलावर पसरलेल्या पेशींचे बारीक धागे एका जागी गोळा होतात आणि त्यांची मिळून मेंदूकडे जाणारी नस बनते. एका डोळ्याच्या नसेत असे दहा ते बारा लाख धागे असतात. डोळ्याचे बाहेरचे कवच जाड आणि चिवट आहे, पण नस बाहेर पडते तेथे ते तसे ठेवून चालत नाही. तेथे चाळणीसारखा छिद्रांचा एक पडदा असतो आणि त्या छिद्रांतून धाग्यांचे जुडगे बाहेर जातात. या पडद्याच्या पुढे डोळ्यातला दाब आणि मागे मेंदूभोवतीच्या द्रवाचा दाब. दोहोंतला फरक त्याला सोसावा लागतो. हा फरक वाढला की पडदा मागे वाकतो, छिद्रे वेडीवाकडी होतात आणि धागे चिमटले जातात. धाग्यांतून पेशी आणि मेंदू यांच्यात पोषक द्रव्यांची सतत ने-आण चालू असते, ती अडते. नसेला रक्त पुरवणाऱ्या सूक्ष्म वाहिन्याही त्याच जागी दबतात. कोणाच्या बाबतीत दाबाचा ताण अधिक आणि कोणाच्या बाबतीत रक्तपुरवठ्याची उणीव अधिक, असे वेगवेगळे प्रमाण असते. शेवट मात्र एकच, धागा मरतो, आणि मेलेला धागा पुन्हा उगवत नाही.

एकाची नस २८ चा दाब वर्षानुवर्षे सोसते आणि दुसऱ्याची १६ लाही झिजते, याचे उत्तर या पडद्याच्या बळकटीत, त्याच्या मागच्या दाबात आणि रक्तपुरवठ्यात आहे. रक्तदाबाचा खरा संबंध येथे येतो, आणि तो लोकसमजुतीच्या उलट दिशेचा आहे. रक्तदाब, विशेषतः रात्री झोपेत, फार खाली गेला तर नसेला पुरेसे रक्त पोचत नाही. म्हणून काचबिंदूच्या रुग्णाने ब्लडप्रेशरच्या गोळ्या किती आणि केव्हा घेतो हे डोळ्यांच्या डॉक्टरला सांगावे, आणि काचबिंदू असल्याचे गोळ्या देणाऱ्या डॉक्टरच्या कानावर घालावे.

नजर जाते ती कडेने. समोरचे स्पष्ट दिसत असते, वर्तमानपत्र वाचता येते, सुईत दोरा ओवता येतो, तक्त्यावरची शेवटची ओळही वाचून दाखवता येते. मधल्या काळात बाजूच्या दृष्टीत भोके पडत असतात. ती काळी दिसत नाहीत. मेंदू आजूबाजूच्या दृश्यावरून ती जागा भरून काढतो, आणि एका डोळ्याचे उणे दुसरा डोळा झाकतो. दृष्टिक्षेत्राच्या तपासणीत पहिला ठळक दोष उमटेपर्यंत पाव ते एक तृतीयांश धागे गेलेले असू शकतात. दाराच्या चौकटीला खांदा लागणे, पायरी चुकणे, बाजूने आलेली दुचाकी न दिसणे, अशा खुणा दिसू लागतात तेव्हा रोग बराच पुढे गेलेला असतो. २०१० मध्ये प्रसिद्ध झालेल्या अंदाजानुसार भारतात चाळिशीवरच्या सुमारे १ कोटी १२ लाख लोकांना काचबिंदू होता. आणि दक्षिणेतल्या पाहण्यांत ज्यांना तो आढळला, त्यांपैकी दहांतल्या नवांहून अधिक जणांना आपल्याला असे काही आहे हे ठाऊकच नव्हते.

म्हणून तपासणी तीन अंगांनी व्हावी लागते: दाब, नस आणि दृष्टिक्षेत्र. दाब मोजण्याची आजही प्रमाण मानली जाणारी पद्धत स्वित्झर्लंडमधल्या बर्नच्या हान्स गोल्डमान यांनी १९५० च्या दशकात बसवली. डोळ्यात बधिर करणारा थेंब आणि पिवळा रंग घालतात, निळ्या प्रकाशात एक छोटा शंकू पारपटलाला टेकवतात आणि ३.०६ मिलिमीटर व्यासाची जागा सपाट व्हायला किती जोर लागतो ते पाहतात. ३.०६ हा व्यास विचारपूर्वक निवडला आहे. त्या व्यासाला पारपटलाचा ताठपणा आणि अश्रूंची ओढ एकमेकांना जवळपास खोडून काढतात आणि एक ग्रॅम जोर बरोबर १० मिलिमीटर दाबाएवढा भरतो. पण हे गणित पारपटलाची जाडी अर्ध्या मिलिमीटरच्या आसपास धरून केलेले आहे. जाड पारपटलावर दाब असतो त्यापेक्षा जास्त भासतो, पातळ पारपटलावर कमी. चष्मा घालवण्यासाठी लेसर करून घेतलेल्यांचे पारपटल पातळ झालेले असते. त्यांनी ही गोष्ट पुढे कायम प्रत्येक नेत्रतज्ज्ञाला सांगितली पाहिजे. हवेचा झोत मारून दाब पाहणारे यंत्र चष्म्याच्या दुकानापर्यंत पोचले आहे. प्राथमिक चाळणीला ते ठीक, पण त्याच्या आकड्यावर थेंब सुरू करू नयेत आणि निर्धास्तही होऊ नये.

नस पाहायला बाहुली मोठी करून आत डोकवावे लागते. नसेच्या तोंडाशी एक फिकट गोल बिंब दिसते, मध्ये थोडा खळगा. धागे मरत जातात तसा खळगा रुंद आणि खोल होतो. अनुभवी डोळ्याला हे पाहून जे कळते, ते दाबाच्या दहा मापांनी कळत नाही. ओसीटी नावाचे यंत्र धाग्यांच्या थराची जाडी मायक्रोमीटरमध्ये मोजते, आणि संगणकावर ठिपके दाखवून घेतली जाणारी फील्ड टेस्ट दृष्टिक्षेत्राचा नकाशा काढते. कोन उघडा आहे की बंद, हे पाहायला आरशाचे भिंग डोळ्याला लावतात. भारतात ही पायरी गाळणे फार महागात पडते, कारण येथे बंद कोनाच्या काचबिंदूचे प्रमाण युरोपपेक्षा बरेच जास्त आहे.

बंद कोनाच्या प्रकारात रंगीत पडदा पुढे ढकलला जाऊन जाळीवर बसतो. लहान डोळा, अधिक नंबरचा म्हणजे प्लसचा चष्मा आणि वयाबरोबर जाड होत गेलेले भिंग यांमुळे कोन अरुंद होतो. स्त्रियांत हे जास्त आढळते. बहुतेकांत वाट हळूहळू, नकळत बुजते. काहींत मात्र ती एकदम बंद होते आणि दाब काही तासांत ५०-६० वर जातो. डोळा लाल होतो, डोके असह्य ठणकते, दिव्याभोवती रंगीत कडी दिसतात, नजर धूसर होते आणि उलट्या सुरू होतात. उलट्यांमुळे अशा रुग्णाला पित्त किंवा अर्धशिशी समजून पोटाची औषधे दिली जातात आणि डोळा वाचवण्याचे तास निघून जातात. लाल डोळा, अंधुक नजर आणि उलट्या एकत्र आल्या की त्याच दिवशी, रात्र असली तरी, नेत्ररुग्णालय गाठले पाहिजे. तेथे दाब उतरवून लेसरने रंगीत पडद्याला बारीक छिद्र पाडतात, म्हणजे पाण्याला दुसरी वाट मिळते. या उपायाचे मूळ १८५७ मध्ये आहे. बर्लिनच्या आल्ब्रेख्त फॉन ग्रेफे यांनी त्या वर्षी रंगीत पडद्याचा तुकडा कापून काढल्यावर हा काचबिंदू आटोक्यात येतो हे मांडले. त्याआधी अशा डोळ्याला इलाज नव्हता.

मोतीबिंदू पिकू द्यावा, मग ऑपरेशन करावे, ही जुनी समजूतही डोळ्याचा दाब वाढवते. अति पिकलेले भिंग फुगून कोन बंद करते, किंवा त्यातले द्रव्य पाझरून जाळी तुंबवते. मग डोळा दुखायला लागतो आणि साध्या शस्त्रक्रियेने परत येणारी नजर कायमची जाऊ शकते.

स्टेरॉइडचे थेंब हा याहून व्यापक आणि पूर्णपणे टाळता येण्यासारखा धोका आहे. उन्हाळ्यात शाळकरी मुलांचे डोळे खाजतात, लाल होतात. दुकानातून आणलेल्या थेंबांनी एका दिवसात आराम पडतो, आणि मग तीच बाटली महिनोन्महिने, वर्षानुवर्षे चालू राहते. स्टेरॉइडने जाळीचा निचरा मंदावतो. सुमारे एक तृतीयांश लोकांत त्यामुळे दाब वाढतो आणि वीसांतल्या एकाच्या आसपास लोकांत तो फारच चढतो. मुलाला काही जाणवत नाही, खाज थांबलेली असते, आणि दहावी-बारावीच्या वयात एका डोळ्याची नस जवळजवळ संपलेली आढळते. डॉक्टरने लिहून न दिलेला स्टेरॉइडचा थेंब मुलाच्या डोळ्यात कधीही पडू नये. तान्ह्या बाळांचा काचबिंदू वेगळा, जन्मतःच निचऱ्याची वाट अपुरी घडल्यामुळे होणारा. बाळाचे कवच मऊ असल्याने दाबाने डोळाच मोठा होतो. टपोऱ्या डोळ्यांचे घरात कौतुक चालते. पण त्या डोळ्यांना सतत पाणी येत असेल, उजेड सोसवत नसेल, बुबुळ धुरकट दिसत असेल, तर शस्त्रक्रियेची घाई असते.

काही रोजच्या सवयींनीही दाब तात्पुरता चढतो. शीर्षासनात तो जवळपास दुप्पट होतो. योगाभ्यास करणाऱ्यांवर चेन्नईत झालेल्या आणि २००६ मध्ये प्रसिद्ध झालेल्या अभ्यासात हे सगळ्याच वयांत दिसले. निरोगी माणसाला त्याचे भय नाही, काचबिंदू असलेल्याने मात्र डोके खाली करून राहण्याची आसने सोडावीत. उषःपान म्हणून एका दमात लिटरभर पाणी पिण्यानेही दाब काही काळ वाढतो. तेच पाणी अंतराअंतराने प्यायले तर प्रश्न येत नाही. चालणे, सायकल चालवणे यांसारख्या व्यायामाने दाब किंचित उतरतो. मोबाइल पाहण्याने किंवा बारीक अक्षर वाचण्याने काचबिंदू होत नाही.

गेलेले धागे परत आणणारा उपाय अजून नाही. आजचे सगळे सिद्ध झालेले उपचार दाबच कमी करतात, दाब आधीच साधारण असला तरीही. १९९८ साली प्रसिद्ध झालेल्या एका चाचणीत साधारण दाबाच्या काचबिंदूत दाब आणखी ३० टक्क्यांनी उतरवल्यावर १२ टक्के डोळ्यांत रोग पुढे सरकला, उपचार न केलेल्यांत ३५ टक्के. स्वीडनमधल्या एका चाचणीने असे दाखवले, की दाबाचा प्रत्येक मिलिमीटर उतरला की रोग वाढण्याचा धोका साधारण १० टक्क्यांनी घटतो. म्हणून डॉक्टर प्रत्येक डोळ्याचे लक्ष्य वेगळे ठरवतात. सुरुवातीच्या रोगात १८ पुरेल, नस बरीच झिजली असेल तर १२ हवे.

पहिला उपाय बहुधा थेंब. लॅटानोप्रोस्टच्या जातीचे थेंब १९९६ पासून वापरात आहेत. ते जाळी टाळून स्नायूंच्या फटींतून मागे जाणाऱ्या त्या छोट्या वाटेचा निचरा वाढवतात आणि दिवसातून एकदाच घालावे लागतात. पापण्यांचे केस लांबणे, डोळ्याभोवती काळसरपणा येणे हे त्यांचे परिणाम. टिमोलॉल पाणी तयार होणेच कमी करते, पण दमा असलेल्याला किंवा नाडी मंद असलेल्याला ते धोक्याचे, कारण थेंब नाकावाटे रक्तात जातो. थेंब घातल्यावर डोळा मिटून नाकाकडचा कोपरा बोटाने दोन मिनिटे दाबून धरला तर बरेचसे औषध डोळ्यातच राहते. दोन वेगळ्या थेंबांत पाच मिनिटांचे अंतर हवे. थेंबांऐवजी जाळीवर सौम्य लेसर करून सुरुवात करण्याचा मार्गही आता भक्कम ठरला आहे. ब्रिटनमधल्या २०१९ च्या चाचणीत आधी लेसर केलेल्यांपैकी सुमारे ७४ टक्के रुग्णांना तीन वर्षे थेंबांची गरज पडली नाही. एवढ्याने न भागल्यास पाण्याला नवी वाट करून देणारी शस्त्रक्रिया करतात किंवा डोळ्यात बारीक नळी बसवतात. मदुराईच्या ऑरोलॅबने अशी नळी परदेशी नळीपेक्षा पुष्कळ स्वस्तात तयार केल्याने ती सामान्य रुग्णाच्या आवाक्यात आली.

थेंबांनी काही सुधारले असे रुग्णाला जाणवत नाही, बंद केले तरी लगेच काही बिघडल्यासारखे वाटत नाही. औषध सुटण्याचे हेच मोठे कारण आहे, आणि मोतीबिंदूच्या ऑपरेशननंतर नजर परत आलेली पाहिलेल्या घरात याचे आश्चर्यही वाटते. आई-वडील किंवा भावंडांना काचबिंदू असेल तर धोका कित्येक पटींनी वाढतो, म्हणून एकाचे निदान झाले की घरातल्या चाळिशीपुढच्या सगळ्यांनी नसेची तपासणी करून घ्यावी. निदान झालेल्याने दाब दर तीन-चार महिन्यांनी मोजून घ्यावा आणि फील्ड वर्षातून एकदा तरी करावी. रोग किती वेगाने सरकतो आहे हे एका तपासणीतून कळत नाही, ओळीने तीन-चार तपासण्या शेजारी ठेवल्यावर कळते. त्यामुळे फील्ड आणि ओसीटीचे जुने कागद तारखेनुसार जपून ठेवावेत आणि गाव किंवा डॉक्टर बदलला तर ते सोबत न्यावेत; ते हाताशी असले की लक्ष्य १८ वरून १५ वर आणायचे का, हे नव्या डॉक्टरला पहिल्याच भेटीत ठरवता येते.